घरी वाजते, तालमीत गप्प!

मूल रात्रभर तापानं फणफणतं आणि सकाळी डॉक्टरांपुढे नेऊन बसवलं, की हसू-खेळू लागतं! हा अनुभव तुम्हांला असेलच. आमच्या लेकीच्या इलेक्ट्रिक गिटारनं आम्हांला दोन महिने असंच झुलवलं.

घरी पलंगावर बसून वाजवली की सुरेख वाजे. तालमीत मात्र ऐन गाण्यात आवाज जाई, क्षणभरानं आपोआप परत येई. दुकानात नेली, तर त्या गृहस्थांनी टेबलावर आडवी ठेवून तारा छेडल्या आणि म्हणाले, "बाई, हिला काही झालेलं नाही." दोनदा हेच! ग्रूपमधली मुलं कुजबुजू लागली, की ही घाबरते, दुसरं कुणीतरी बघू या. आणि खरं सांगू? मीसुद्धा म्हटलं, "घरी तर नीट वाजवतेस. चारचौघांत तुझाच हात कापत असेल." ती काही बोलली नाही. गिटार पिशवीत घालून तिनं कोपऱ्यात ठेवली, ती आठवडाभर तिथंच.

त्याच आठवड्यात माझ्या इस्त्रीनं दगा दिला. नुसती धरली की तापे, वायर ताणली गेली की बंद. एकदम डोक्यात आलं, अगं, ही घरी बसून वाजवते आणि तालमीत उभी राहून! उभं राहिलं की वायर खाली लोंबते आणि गिटारला ओढ देते. तिला तस्सं बैठकीच्या खोलीत पट्टा घालून उभं केलं. दुसऱ्याच गाण्यात आवाज गेला. बिघाड झाला म्हणून टाळ्या पिटणारी मी पहिलीच आई असेन!

असा लपंडाव खेळणारा बिघाड समोर हजर असतानाच धरावा लागतो. आणि एका वेळी एकच वस्तू बदलायची, नाहीतर चोर कोण ते कळत नाही. आधी वायर बदलली, कारण बहुतेक वेळा दोष तिचाच असतो. तरी आवाज गेलाच. मग पिकअप. तारांखाली चुंबकाभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात, तेच पिकअप. हिच्या गिटारला असे तीन आहेत, कोणता चालू ठेवायचा ते एका खटक्यानं ठरतं. खटका फिरवून पाहिला, तर प्रत्येक ठिकाणी आवाज जातोय. आता तुम्हीच सांगा, एका नळाला पाणी नसेल तर नळ बघायचा, सगळ्याच नळांना नसेल तर? टाकीपासूनचा मोठा पाइप! म्हणजे दोष पुढच्या सामाईक वाटेवर, व्हॉल्यूमच्या बटणात किंवा वायर खोचायच्या जॅकमध्ये. बटण फिरवताना खरखर होत नव्हती. (होत असती तर आत धूळ, कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून बटण वीस-पंचवीसदा फिरवायचं.) जॅक मात्र बोटानं धरला तर गरकन फिरला. नट ढिला!

यांच्या मल्टिमीटरनं खात्री करून घेतली. व्हॉल्यूम पूर्ण ठेवून वायरच्या मोकळ्या टोकाला मीटर लावला, की साडेसहा हजार ओहमच्या आसपास आकडा दिसे. वायर खाली ओढली, की आकडा गायब.

वायर काढून घेतली आणि कडेच्या पट्टीचे स्क्रू उघडले. हिच्या गिटारमध्ये बॅटरीही नाही, त्यामुळे शॉकची भीती नाही. अँप्लिफायर मात्र मुळीच उघडू नका. त्यात प्लग काढल्यावरही वीज साठून राहू शकते. आत पाहिलं, तर दर वेळी खोचताना जॅक फिरून वायरीला पीळ पडलेला, आणि मुख्य वायर दोन-तीन धाग्यांवर लोंबकळत होती.

सोल्डरिंग लेकीनंच केलं. पहिला डाग मातकट, दाणेदार पडला आणि हलकेच ओढल्यावर निघून आला. तेव्हा मला लहानपणीचा दारावरचा कल्हईवाला आठवला. भांडं तापल्याशिवाय कथील धरत नाही! नुसतं सोल्डर वितळवून वर टाकायचं नाही, आधी जॅकची पत्ती आणि वायर तापवायची, मग सोल्डर आपण होऊन पसरतं. दुसरा डाग चकचकीत बसला. सोल्डरमध्ये बहुधा शिसं असतं, म्हणून हे काम स्वयंपाकघरात नको. खिडकी उघडी ठेवा आणि नंतर हात साबणानं धुवा. नट आवळताना जॅक आतून धरला, नाहीतर पुन्हा पीळ! आणि आता ती वायर आधी पट्ट्यामागून घेऊन मग खोचते, म्हणजे ओढ पट्ट्यावर येते, जॅकवर नाही.

शनिवारी तालमीहून आली ती चप्पल न काढताच म्हणाली, "आई, एकदाही गेला नाही." मी म्हटलं, "त्या दिवशी माझं चुकलं गं." ती हसली आणि म्हणाली, "आता इस्त्री आण इकडे." पण तिथे घरच्या विजेचा खेळ, इस्त्रीला मी इलेक्ट्रिशियनकडून नवी वायर घालून घेतली.