खानदेशी उन्हातले जीवाणू

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशी गाठतो तेव्हा रस्ते ओस पडतात. पण मैलापाणी शुद्धीकरणाच्या टाकीत जीवाणूंची सुगी असते. जानेवारीत धुळ्याचा पारा पाच-सहा अंशांवर उतरला की त्यांची वाढ मंदावते. सांडपाणी हवेइतके तापत नाही, तितके गारठतही नाही. तरी त्याच्या तापमानातला ऋतूंचा फरक जीवाणूंना चांगलाच जाणवतो. या वाढीच्या वेगाचे गणित हा माझ्या अभ्यासाचा विषय.

१९१४ साली मँचेस्टरच्या अर्डर्न आणि लॉकेट या संशोधकांनी हवा दिलेल्या सांडपाण्यातला गाळ फेकून न देता पुढच्या सांडपाण्यात पुन्हा वापरला. विरजण लावावे तसेच हे. जिवंत गाळ परत टाकला की आठवड्यांचे काम तासांवर आले. या वाढीला सूत्र मिळाले ते जीवशास्त्रज्ञ जाक मोनो यांच्या १९४२च्या प्रबंधात. अन्न मुबलक असेल तर जीवाणू कमाल वेगाने वाढतात. अन्न घटत गेले की वेगही उतरतो. वेग कमाल वेगाच्या निम्मा भरतो, त्या वेळचे अन्नाचे प्रमाण हा दुसरा स्थिरांक; पहिला अर्थात कमाल वेग. या दोन आकड्यांवर टाकीची रचना उभी राहते.

सगळे जीवाणू एका चालीचे नसतात. या प्रक्रियेच्या १९८७च्या आंतरराष्ट्रीय गणिती प्रारूपात २० अंशांना सेंद्रिय मैला खाणाऱ्यांचा कमाल वेग दिवसाला ६ धरला आहे, तर अमोनियाचे नायट्रेट करणाऱ्यांचा अवघा ०.८. म्हणजे अनुकूल स्थितीत पहिले पावणेतीन तासांत दुप्पट होतात, दुसऱ्यांना जवळजवळ एकवीस तास लागतात. म्हणून गाळाचे वय सांभाळावे लागते. टाकीतल्या एकूण गाळाला रोज काढून टाकलेल्या गाळाने भागले की हे वय मिळते. वाढीपेक्षा जास्त वेगाने गाळ काढला, तर मंद जीवाणू टाकीतून धुऊन जातात.

थंड देशांतले अभियंते या मंद जीवाणूंना टिकवण्यासाठी धडपडतात. खानदेशात नेमके उलटे घडते. उन्हाळ्यात सांडपाणी तिशीपुढे गेले की हे जीवाणू बोलावल्याशिवायही येतात आणि आपला हिस्सा मागतात: १ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे ४.५७ ग्रॅम प्राणवायू. त्यात कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंशांना लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसातच. वीज वाचवायला हवा देणारा ब्लोअर बंद ठेवला तर मागणी आणि पुरवठा यांतले अंतर आणखी वाढते. पुढच्या निवळण टाकीत गाळ फार काळ साचून राहिला, तर तळातला प्राणवायू संपतो. तिथले जीवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात, नायट्रोजनचे बुडबुडे सुटतात आणि बसलेला गाळ तरंगत वर येतो. अशा वेळी जीवाणू मेले असे समजून गाळ वाढवत नेणे चूक. उपाय गाळाचे वय कमी करण्यात, साचलेला गाळ वेळेवर परत नेण्यात किंवा नायट्रेट मोडणारा प्राणवायूरहित टप्पा आधीच ठेवण्यात आहे.

दुसरी अडचण नळाची. आमच्या शहरांत पाणी रोज येत नाही. ज्या भागात पाणी सुटते तिथली गटारे त्या दिवशी भरून वाहतात, इतर दिवशी मैला दाट आणि प्रवाह बारीक. माणशी १३५ लिटर रोज, हे संकल्पनेत धरलेले प्रमाण आणि प्रत्यक्ष गटार यांचे इथे जमत नाही. म्हणून येणारे पाणी आधी साठवून सम प्रमाणात सोडणारी टाकी खानदेशात चैन नव्हे, गरज आहे.

माझे म्हणणे एवढेच की पुस्तकातले २० अंशांचे स्थिरांक उसने घेऊन आमची केंद्रे नीट चालणार नाहीत. गाळ आणि सांडपाणी एका भांड्यात घेऊन प्राणवायू किती वेगाने संपतो हे मोजून इथले स्थिरांक काढणे कठीण नाही. जळगाव-धुळ्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतले विद्यार्थी हे काम ऋतूनिहाय करू शकतात. महापालिकांनी ते करवून घ्यावे आणि केंद्र चालवणाऱ्यांना गाळाचे वय रोज काढायला शिकवावे. पाण्याचा हिशेब या मुलखाला नवा नाही. पांझरा नदीकाठी फड पद्धतीत शेतकऱ्यांनी शतकानुशतके पाणी नियमाने वाटून घेतले. शुद्ध केलेले सांडपाणी बारमाही असते. पाण्याच्या ओढीने पोळलेल्या या मुलखाने त्याचाही तसाच हिशेब ठेवला, तर शेताला आणि नदीला दोघांनाही ते पुरेल.