पण लावण्याची वेळ

माहीत असणे आणि ठरविणे यांच्यामध्ये एक उंबरठा असतो. अलीकडे मनुष्य ‘याहून अधिक सांगता येत नाही’ असे म्हणून थांबू शकतो. पलीकडे त्याला थांबण्याची मुभा नसते.

आर्थर डेम्प्स्टर यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या आणि ग्लेन शेफर यांनी १९७६ मध्ये ग्रंथरूपाने विस्तारलेल्या विश्वास-फलनांच्या सिद्धान्ताने या थांबण्याला गणिती प्रतिष्ठा दिली. पुरावा एखाद्या गटाकडे बोट दाखवीत असेल, तर त्याचा भार गटावरच ठेवावा, व्यक्तींत वाटण्याची घाई करू नये, हे त्याचे सार. परंतु निर्णयाची घटका आली की भार वाटून संभाव्यता काढावीच लागते. ब्रुसेल्सचे फिलिप स्मेट्स यांनी त्यासाठी समान वाटणी सुचविली, आणि तिला पण या अर्थाच्या ‘पिग्नुस’ या लॅटिन शब्दावरून नाव दिले. वैद्यकीय निदानाच्या गणिती प्रतिरूपावर १९७८ मध्ये प्रबंध लिहिणाऱ्या या अभ्यासकाला निदान आणि उपचार यांतील अंतर परिचयाचे होते.

स्मेट्स आणि केनेस यांच्या १९९४ च्या लेखातील एक खूनकथा प्रसिद्ध आहे. मारेकरी पीटर, पॉल वा मेरी यांपैकी एक. टोळीप्रमुखाने फासा टाकला : सम पडल्यास स्त्री, विषम पडल्यास पुरुष. पुरुषांतून निवड कशी केली, हे अज्ञात. म्हणजे निम्मा भार मेरीवर, निम्मा पीटर-पॉल या जोडीवर. आजच पण लावावयाचा तर मेरी १/२, पीटर आणि पॉल प्रत्येकी १/४. पुढे पीटर निर्दोष ठरतो. जोडीचा भार अखंड राखला असेल, तर तो सगळा पॉलवर जातो आणि मेरी १/२ वरच राहते. वाटणी आधीच पक्की केली असेल, तर मेरीवरील संशय २/३ होतो. ज्या वाटणीला कोणताच पुरावा नव्हता, तिच्यामुळे तिचा दोष वाढला!

कॉब आणि शेणॉय यांनी २००६ मध्ये निराळ्या रीतीचा पुरस्कार केला. प्रत्येकाच्या विरुद्ध न जाणारा सर्व भार मोजावा आणि मग प्रमाण काढावे. या रीतीत रूपांतर आधी केले काय, नंतर केले काय, शेवटी मेरी १/२ वरच येते. मात्र पीटर सुटण्यापूर्वी तिघांनाही १/३ मिळतो. फाशाने निश्चित केलेला मेरीचा अर्धा वाटाही मग हातचा जातो. काहीतरी गमावल्यावाचून उंबरठा ओलांडता येत नाही.

पाठचिकित्सकाला हा पेच नवा नाही. महाभारताच्या पुण्याच्या चिकित्सक आवृत्तीत, १९३३ मध्ये पूर्ण झालेल्या आदिपर्वात, विष्णु सीताराम सुखठणकरांनी एक पाठ स्वीकारला, कारण छापावयाचा तर एकच पाठ छापता येतो. परंतु जेथे खात्री नव्हती, तेथे शब्दांखाली नागमोडी रेषा दिली. पण लावला गेला, तरी शंका पुसली गेली नाही. नवे हस्तलिखित सापडले, तर विचार पुन्हा त्या रेषेपासून सुरू करता येतो.