निर्धास्तपणाचा वारसा

श्रीमंत घरातलं बालपण कशावरून ओळखावं, हा प्रश्न हल्ली मनातून हटत नाही. बंगला, मोटार, परदेशातली सुट्टी या वरवरच्या खुणा. खरी खूण निर्धास्तपणाची. फीची शेवटची तारीख, थकलेलं घरभाडं असलं काही त्या मुलांच्या कानावरच येत नाही. एखादं वर्ष वाया गेलं तरी आयुष्य वाया जाणार नाही, याची त्यांना खात्री असते.

हा निर्धास्तपणा बोलण्यातही दिसतो. आज दवाखान्यात एक सातवी-आठवीतली मुलगी डॉक्टरांना सहज विचारत होती, "या गोळीने झोप येईल का? उद्या माझी मॅच आहे." तिच्यानंतर आत गेलेला, तिच्याच वयाचा मुलगा आईच्या मागे उभा राहून नुसती मान हलवत होता. दुखत त्यालाही होतंच.

ॲनेट लॅरो या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ बाईंनी 'अनइक्वल चाइल्डहुड्स' (2003) या पुस्तकात हेच टिपलंय. सुस्थितीतल्या घरांत मुलांना मोठ्यांशी बोलायला, प्रश्न विचारायला, हक्काने मागायला शिकवलं जातं. कष्टकरी घरांतली मुलं अधिकाराच्या जागी असलेल्या मोठ्यांपुढे गप्प राहायला शिकतात.

आपल्याकडे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत दुर्बल व वंचित घटकांसाठी 25 टक्के जागा ठेवल्या. बाक मिळाला, हे मोठंच काम झालं. पण त्या बाकावरून हात वर करायचं धाडस कायदा देऊ शकत नाही. ते शिक्षकांनी द्यायला हवं, आणि समोर आलेल्या मुलाचं शांतपणे ऐकून घेणाऱ्या आपण प्रत्येकाने.