तंदुरुस्तीचा दाखला

उर्दू शाळेत सत्तर मुलांवर ओरडून माझ्या स्वरतंतूंवर गाठी आल्या. वैद्यकीय रजा घेतली. १९८१ च्या रजा नियमांनुसार हजर होताना तंदुरुस्तीचा दाखला लागतो. तो गोंदियात मिळाला. पण पुन्हा शिकवायचे कसे, हे दाखल्यात नसते. ते नागपूरच्या वाचा-उपचारतज्ज्ञ बाईंनी शिकवले: श्वास पोटातून घ्या, पाणी प्या, कुजबुजूही नका, सुरुवातीला दोनच तासिका घ्या.

अम्मीने आयुष्यभर विड्या वळल्या. हजारी मजुरी, आजारपणात शून्य. १९७६ च्या कल्याण निधी कायद्यातून विडी कामगारांसाठी दवाखाने निघाले. अम्मीला गोळ्या मिळाल्या. आखडलेली बोटे कामाला कशी लावायची, हे कुणी सांगितले नाही.

माझा आवाज परतला. अम्मीची बोटे तस्बीहच्या मण्यांवरही अडखळतात.