समुद्रांतील नत्राचें अनुमान

'अनुमान' ह्या शब्दाची हल्लीं फार अप्रतिष्ठा झाली आहे. पाऊस केव्हां पडेल, धान्याचे भाव किती चढतील, ह्याविषयीं कोणीं कांहीं ठोकून दिलें कीं त्यास अनुमान म्हणावयाचें, असा प्रघात पडला आहे. वस्तुतः न्यायशास्त्रांत अनुमान म्हणजे अंदाज नव्हे. तें प्रमाण आहे, यथार्थ ज्ञानाचें साधन आहे. मात्र त्यास तो मान मिळण्यासाठीं कांहीं अटी कसोशीनें पाळाव्या लागतात. ह्या अटी केवळ पोथींतल्या नाहींत, हें दाखविणारें एक उदाहरण आम्हांस समुद्रविज्ञानांत आढळलें. तें वाचकांपुढें मांडण्याचा येथें विचार आहे.

समुद्राच्या वरच्या थरांत डोळ्यांस न दिसणारे असंख्य कण तरंगत असतात. सूक्ष्म वनस्पति, जंतु, त्यांवर जगणारे सूक्ष्म प्राणी आणि ह्या सर्वांचे मृतावशेष, असा हा संमिश्र संसार आहे. त्यांत नत्र, म्हणजे नायट्रोजन, किती आहे हें जाणणें अगत्याचें असतें. नत्रावांचून प्रथिनें होत नाहींत. प्रथिनांच्या वजनाचा सुमारें १६ टक्के भाग नत्राचाच असतो. लहान किड्यापासून मोठ्या माशापर्यंत समुद्रांतील सारी पंगत ह्याच शिध्यावर उठते. शिवाय हे कण हळूहळू खालीं बुडतात व आपल्याबरोबर वरचें नत्र खोल नेतात. अरबी समुद्राच्या मधल्या थरांत तर प्राणवायु इतका विरळ आहे, कीं तेथील जंतु नायट्रेटांतील प्राणवायु वापरतात आणि नत्र वायुरूप होऊन निघून जातें. जेथें खर्च असा एकसारखा चालू आहे, तेथें जमेची बाजू तपासून पाहणें हें कोणाही शहाण्या गृहस्थाचें कर्तव्य ठरेल.

हा हिशेब करण्याची सरळ रीति अशी. जहाजांतून समुद्रावर जावें, बाटलींत पाणी भरून घ्यावें, कांचेच्या तंतूंच्या अतिशय बारीक गाळणींतून तें गाळावें, गाळणीवरचे कण वाळवावे, उच्च उष्णतेंत जाळावे आणि निघालेला वायु मोजावा. ह्यास प्रत्यक्ष प्रमाण म्हणावें. परंतु पृथ्वीच्या पाठीचा सुमारें ७१ टक्के भाग समुद्रानें व्यापिला आहे, आणि जहाज एका वेळीं एकाच ठिकाणीं असतें. म्हणून शास्त्रज्ञांनीं प्रकाशाचें साहाय्य घेतलें.

समुद्र निळा कां, ह्याचा विचार सर चंद्रशेखर वेंकट रामन ह्यांनीं १९२१ सालीं विलायतेहून परततांना 'नारकुंडा' जहाजावर केला. हा रंग म्हणजे केवळ आकाशाचें प्रतिबिंब, असें तोंपर्यंत थोरामोठ्यांचें मत होतें. रामन ह्यांनीं निकोलच्या लोलकानें पृष्ठावरची चकाकी झांकून पाहिलें, तरी निळाई कायम राहिली. पाणी स्वतःच प्रकाश उधळतें हें त्यांनीं ओळखलें. आतां ह्या शुद्ध निळ्या पाण्यांत कण मिसळले म्हणजे दोन गोष्टी घडतात. वनस्पतींतील हरितद्रव्य निळा प्रकाश गिळतें, म्हणून पाणी हिरवट होतें. आणि कणांवर आपटून कांहीं प्रकाश माघारीं आकाशाकडे फिरतो. हा परतलेला प्रकाश उपग्रहावरून मोजतां येतो. अशी पहिली मोजणी १९७८ सालीं सोडलेल्या अमेरिकेच्या निंबस-७ ह्या उपग्रहानें केली. भारताचा ओशनसॅट-१ हा उपग्रह २६ मे १९९९ रोजीं गेला, आणि त्याचा तिसरा भाऊ २६ नोव्हेंबर २०२२ रोजीं.

परंतु ह्यांतील कोणत्याही यंत्रास नत्र दिसत नाहीं! कणांतील नत्राचा असा स्वतंत्र रंग नाहीं. यंत्रास दिसतो तो प्रकाश. नत्र हें त्यावरून ओळखावयाचें. येथें तर्कसंग्रह शिकलेल्या वाचकांस पर्वत, धूर व अग्नि ह्यांची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. समुद्राचें पृष्ठ हा पक्ष, नत्र हें साध्य, प्रकाशाचें शोषण व उधळण हा हेतु. मग व्याप्ति कोठून आली? जेथें धूर व अग्नि एकत्र पाहिले, त्या स्वयंपाकघरांतून! जहाजावर एकाच जागेच्या पाण्याचा प्रकाशधर्म मोजला आणि त्याच पाण्यांतील नत्रही मोजलें. अशा जोड्या ठिकठिकाणीं जमविल्या, तेव्हां त्यांचा परस्परसंबंध हातीं आला. विशेष इतकाच, कीं आमच्या पूर्वसूरींस अग्नि आहे कीं नाहीं एवढेंच ठरवावयाचें होतें. ह्यांस तो किती आहे हेंही सांगावें लागतें.

आणि येथेंच हेत्वाभास दबा धरून बसलेले असतात. कांहीं सूक्ष्म वनस्पति आपल्या अंगाभोंवतीं चुन्याच्या चकत्यांचें कवच करितात. त्यांची दाटी झाली म्हणजे समुद्र दुधाळ दिसतो व प्रकाश भरपूर माघारीं फिरतो. पण त्या चुन्यांत नत्र मुळींच नाहीं. हा हेतु सव्यभिचार झाला. पावसाळ्यांत नद्यांनीं आणलेल्या गाळाचीही तीच गोष्ट. पाण्यांत विरघळलेलीं कांहीं पिवळसर द्रव्यें निळा प्रकाश गिळतात व हरितद्रव्याचें सोंग आणितात. म्हणजे जो हेतु कणांचा समजावा, तो कणांचा नसतोच. प्रखर उन्हांत वनस्पति आपलें हरितद्रव्य कमी करितात, तेव्हां नत्र फारसें न घटतांही हिरवेपणा घटतो. शिवाय उपग्रहापर्यंत पोहोंचणाऱ्या प्रकाशाच्या दहा भागांतील सुमारें नऊ भाग हवेंतूनच परतलेले असतात; ते आधीं वजा घालावे लागतात.

कर्ब मोजून त्यावरून नत्र काढावें, असेंही कोणी म्हणेल. १९३४ सालीं रेडफील्ड ह्या अमेरिकन शास्त्रज्ञानें समुद्रांतील ह्या द्रव्यांच्या प्रमाणाकडे जगाचें लक्ष वेधलें. त्याच्या नांवानें प्रसिद्ध असलेलें प्रमाण कर्बाच्या १०६ अणूंस नत्राचे १६ असें आहे. पण ही सरासरी होय. उपाशी वनस्पतींत नत्र कमी, पोटभर मिळालेल्यांत अधिक. सरासरीवर विसंबणें म्हणजे गांवाच्या सरासरीवरून एका घराच्या चुलीची परीक्षा करणें आहे. म्हणून शोषण व उधळण हे दोन्ही हेतु, आणि तेही अनेक रंगांत, पृथक् मोजून एकमेकांशीं ताडून पाहतात. एका साक्षीदारावर निवाडा करीत नाहींत.

अशा हिशेबांतून निघालेले समुद्राचे रंगीत नकाशे हल्लीं मोबाइलच्या पडद्यावरही दिसतात. घरांतील मुलें त्यांस छायाचित्र समजतात. वडीलधारी मंडळी 'आकाशांतून कुठें नत्र दिसतें काय?' म्हणून हंसतात. आमच्या मतें मुलांनीं अनुमानास प्रत्यक्ष समजण्याची घाई केली, आणि वडिलांनीं चार्वाकाचा पक्ष घेतला. त्या नकाशाचें खरें मोल ह्या दोहोंच्या मधें आहे. व्याप्ति जितकी तपासलेली, तितकाच तो नकाशा खरा.

ह्यांतून एक व्यवहाराची गोष्ट निघते. उपग्रह असतांना खर्चिक जहाजें कशास हवींत, असा प्रश्न कधीं ना कधीं हिशेबनिसांच्या तोंडीं येतोच. त्यांस आमचें उत्तर असें. पावसाळ्यांत, जेव्हां अरबी समुद्राचें खोलचें पौष्टिक पाणी वर येतें, नेमका तेव्हांच ढगांचा पडदा पडतो. हेतु दिसत नाहीं तेथें उपग्रह काय करील? तेथें बाटलीच पाहिजे, किंवा पाण्यांत सोडलेलीं तरंगतीं यंत्रें. दुसरें असें, कीं समुद्र तापत चालला आहे. पाणी तापलें म्हणजे त्यांतील वनस्पतींचे प्रकार बदलतात, आणि काल पक्की असलेली व्याप्ति उद्यां सैल होऊं शकते. आकाशांतील यंत्र तिची दुरुस्ती आपण होऊन करूं शकत नाहीं. ती दुरुस्ती जहाजावरच्या गाळणीपाशींच होते. पर्वतावरचा धूर दुरून ओळखावयाचा असेल, तर घरची चूल विझूं देतां कामा नये.