कंडेन्सर बदलताना

आमच्यापैकी एकीचे माहेर मोहर्लीचे. ताडोबाच्या जंगलात शिरणाऱ्या जिप्सींची पहाटे जिथे रांग लागते, त्या दरवाजापासून घर फार दूर नाही. पलीकडे इरई धरणाचे पाणी पसरलेले. या घराच्या फळीवर बाबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ कित्येक वर्षे मुका बसून होता. चंद्रपूरला शिक्षक असताना बाबांनी तो घेतला आणि निवृत्तीनंतर गावी आणला. १६ जुलै १९४८ रोजी सुरू झालेल्या नागपूर केंद्राच्या बातम्या आणि सिलोनवरची बिनाका गीतमाला ही त्यांची दोन व्रते. बाबा गेले आणि रेडिओला कोणी हात लावला नाही.

दोन दिवाळ्यांपूर्वी आम्ही तो लावला. जे आहे ते जसेच्या तसे जपावे, ही आम्हां मराठीच्या प्राध्यापकांची श्रद्धा. म्हणून काहीही न उघडता, धूळ पुसून, सरळ वीज जोडली. आधी तबकडीमागचा दिवा उजळला, मग जाडसर घरघर, आणि तिच्या तळाशी एक फाटलेला पुरुषी आवाज. आई खुर्ची पुढे ओढून बसल्या. दहा मिनिटांत जळका वास आला, पेटीच्या मागून धूर निघाला आणि सारे शांत झाले. चूक सर्वस्वी आमची होती.

चंद्रपुरात जुने रेडिओ दुरुस्त करणारे एक वयस्क गृहस्थ भेटले. त्यांनी पेटी उलटी केली आणि मेणाने माखलेल्या एका नळीवर बोट ठेवले. “कपलिंगचा कंडेन्सर लीक मारून राह्यला, सर. त्यानंच तुमचा ट्रान्सफॉर्मर खाल्ला.” पाठ्यपुस्तकात ज्याला ‘धारित्र’ म्हणतात, त्याला या धंद्यात सगळे कंडेन्सरच म्हणतात.

पुढचे आम्ही त्यांच्याशेजारी स्टुलावर बसून शिकलो. आवाज म्हणजे विजेची थरथर. ती एका व्हॉल्व्हकडून दुसऱ्याकडे जावी, पण पहिल्यावरचा दीडदोनशे व्होल्टांचा स्थिर दाब मात्र अलीकडेच अडावा, यासाठी मध्ये हा कंडेन्सर बसवलेला असतो. थरथरीला वाट द्यायची आणि दाबाला अडवायचे, एवढेच त्याचे काम. तो म्हातारा झाला की अडवणे विसरतो. मग शेवटच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर, जिथे जवळपास शून्य असायला हवे तिथे, धन दाब चढतो. व्हॉल्व्ह नको तितका प्रवाह ओढतो, लाल होतो आणि आपल्यासोबत ट्रान्सफॉर्मरही जाळतो. आमच्या रेडिओत तो व्हॉल्व्ह ईसीएल ८२ जातीचा होता आणि नशिबाने वाचला होता. ट्रान्सफॉर्मरची तार मात्र नव्याने गुंडाळून घ्यावी लागली.

कंडेन्सर बिघडतो तो आतल्या कागदामुळे. धातूच्या पातळ पत्र्याच्या दोन पट्ट्या, त्यांच्यामध्ये कागद, त्याची सुरळी, आणि ओल शिरू नये म्हणून वर मेण. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा हे मेण मऊ होते, भेगाळते. मग जंगलातल्या पावसाळ्याची ओल त्या भेगांतून कागदात उतरते. कागद वीज अडवीनासा होतो. जुन्या पोथ्यांच्या कागदाची दैना आम्ही पाहिली होती. रेडिओच्या पोटातही कागदच कुजतो, हे ठाऊक नव्हते.

असे पाच मेणकागदी कंडेन्सर होते. शिवाय ॲल्युमिनियमच्या एका डब्यात दोन इलेक्ट्रोलायटिक. आतला ओलावा सुकून गेल्याने तेही निकामी झालेले. ती घरघर त्यांचीच. अभ्रकाचे कंडेन्सर मात्र मिस्त्रींनी हलवू दिले नाहीत. ते सहसा बिघडत नाहीत, आणि ट्यूनिंगजवळचे उगाच बदलले तर केंद्रे जागा सोडतात.

हे सगळे आम्ही घरी सांगितले, तेव्हा आईंनी विचारले, “जावईबापू, सारंच नवं घातलं तर रेडिओ त्यांचा कसा राहील?”

उत्तर पटकन सुचले नाही. वर्गात मात्र हाच प्रश्न आम्ही दरवर्षी शिकवतो. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. लेखकांच्या हातून शिरलेले अपपाठ त्यांनी काढले नसते, तर ग्रंथ आपल्यापर्यंत कोणत्या रूपात आला असता, कोण जाणे. तरीही १९०९ साली राजवाड्यांनी वेगळी जुनी प्रत छापली आणि पाठांचा वाद पेटला. कारण नाथांनी कोणता शब्द काढून कोणता ठेवला, याची यादी आपल्या हाती आलेली नाही. दुरुस्तीने ग्रंथ परका होत नाही. दुरुस्तीची नोंद हरवली, तर मात्र वाचणारा कायमचा संशयात राहतो.

काही संग्राहक जुन्या नळ्या पोकळ करून त्यांत नवे कंडेन्सर लपवतात, म्हणजे पेटी उघडली तरी सारे मूळचेच दिसते. त्यात कौशल्य आहे, पण आम्हांला ते नको वाटले. नवे कंडेन्सर आम्ही उघडेच ठेवले. ०.०१ मायक्रोफॅरड, ४०० व्होल्टच्या जागी त्याच मापाचा ६३० व्होल्टचा. ३२ मायक्रोफॅरडच्या जागी ३३ चा, ४५० व्होल्टचा. एक काढायचा, त्याच जागी एक लावायचा, वहीत लिहायचे, मगच पुढचा. काढलेले पाचही एका पाकिटात घालून प्रत्येकाची जागा, माप आणि बदलल्याची तारीख त्यावर लिहिली.

या खेपेस मिस्त्रींनी वीज थेट जोडली नाही. मध्ये ६० वॉटचा जुना पिवळा दिवा लावला. कुठे शॉर्ट असता तर तो लख्ख पेटून राहिला असता. तो क्षणभर उजळला आणि मंदावला. मिस्त्री हसले.

मोहर्लीला रेडिओ लावला त्या संध्याकाळी व्हॉल्व्ह तापेपर्यंत अर्धा मिनिट कोणी बोलले नाही. घरघर नव्हती. मीडियम वेव्हवर आता फार काही उरलेले नाही. बीबीसी हिंदीचे रेडिओ प्रसारण जानेवारी २०२० मध्ये थांबले, अमीन सयानी फेब्रुवारी २०२४ मध्ये गेले. आजूबाजूच्या एलईडी दिव्यांची खरखरही होती. तिच्यातून कुठल्यातरी लांबच्या केंद्रावरचे जुने हिंदी गाणे आले.

आईंनी पाकीट मागून घेतले. चष्मा लावून वरची अक्षरे वाचली, पाचही नळ्या हातात घेऊन मोजल्या आणि पाकीट पुन्हा रेडिओच्या पेटीतच ठेवायला सांगितले. मग म्हणाल्या, “आवाज जरा मोठा करा.”