मुक्कामावरचा माणूस

पेठ शहापूरच्या देवळाच्या ओसरीवर पहाटे पाच वाजता एक स्टोव्ह पेटला. आश्विनाचे दिवस होते. पावसाने नुकतीच पाठ फिरवली होती. पण हवेतला ओलावा गेला नव्हता, आणि समोरच्या कोरीगडाचा तट धुक्यात अर्धा बुडालेला होता. स्टोव्हजवळ एक साठी उलटलेले गृहस्थ उकिडवे न बसता पाय लांब करून बसले होते, कारण त्यांचा उजवा गुडघा वाकत नसे. पलीकडे पांघरुणात त्यांची मुलगी अजून गाढ झोपेत होती. तिला जागे करावयास अजून पंधरा मिनिटे अवकाश आहे, हे घड्याळात पाहून त्यांनी आधणात आल्याचा तुकडा ठेचून टाकला.

हे गृहस्थ मावळातल्या एका शाळेत तीस वर्षे भूगोल शिकवीत होते. तरुणपणी त्यांनी हा सारा मुलूख पायांखाली घातला होता. पुढे एका उतारावर घसरण्याचे निमित्त झाले, गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली आणि वैद्यांनी सांगितले, "सपाटीवर हवे तितके चाला, चढउतार मात्र आता विसरा." त्यांनी ते निमूटपणे ऐकले. कपाटावरची काठी मात्र त्यांनी कोणाला देऊन टाकली नाही.

मुलगी महाविद्यालयात शिकत होती. कोरीगड, तुंग, तिकोना, लोहगड, विसापूर आणि शेवटी राजमाची अशी गडांची माळ एका दमात, पायी ओवावी असे तिच्या मनाने घेतले होते. आईने साफ सांगितले, "एकटीने जावयाचे नाही." मैत्रिणींना सवड नव्हती. तेव्हा जेवताना वडील म्हणाले, "मी येतो."

"तुम्ही कसे येणार, बाबा?"

"तू डोंगराने चल. मी एस.टी.ने येतो. संध्याकाळी भेटू."

असा तो बेत ठरला. तिने वाट चालावयाची आणि त्यांनी मुक्काम गाठावयाचा. ऐकताना वाटते की, दोघांपैकी एकाचेच काम कष्टाचे आहे. पहिल्या दिवशी मुलीलाही तसेच वाटत होते.

तिच्या पाठीवर ओझे बेताचेच असे: दोन बाटल्या पाणी, पावसाचा अंगरखा, विजेरी, शिट्टी, गूळ-शेंगदाणे आणि दुपारची भाकरी. बाकीचा सारा संसार वडिलांच्या दोन पिशव्यांत होता. स्टोव्ह, पातेली, तांदूळ, पांघरुणे, औषधांची डबी, कोरडे कपडे, आणि जुन्या वर्तमानपत्रांचा एक गठ्ठा. हा गठ्ठा पाहून मुलगी प्रथम हसली होती. परंतु पहिल्याच रात्री वडिलांनी तिच्या भिजलेल्या बुटांत ते कागद चुरगळून भरले, मध्यरात्री उठून ओले कागद काढून नवे भरले, आणि सकाळी बूट पायांत घालताना ते जवळजवळ कोरडे लागले. त्यानंतर ती त्या गठ्ठ्याला हसली नाही.

सकाळी निघण्यापूर्वी एका वहीत दोन ओळी लिहावयाच्या, असा त्यांचा नेम होता. एका ओळीत ती कोणत्या वाटेने जाणार आणि किती वाजता पोहोचणार ते. दुसरीत ते कोठे थांबणार ते. "मोबाइल आहे की," असे ती म्हणाली होती. वडिलांनी उत्तर दिले नाही. घुसळखांबाच्या फाट्यावरून ती तुंगाकडे वळली आणि थोड्याच वेळात मोबाइल मुका झाला, तेव्हा तिला त्या दोन ओळींची किंमत कळली. खाली एक नियमही लिहिलेला होता: जो थांबलेला आहे त्याने जागा सोडावयाची नाही.

चालणाऱ्याचा दिवस मोठा देखणा असतो. सोनकीच्या पिवळ्या फुलांनी उतार माखलेले असतात, भाताच्या खाचरांत लोंब्या वाकू लागलेल्या असतात, आणि तुंगाच्या सुळक्यावरून खाली पवनेचा जलाशय आरशासारखा पडलेला दिसतो. पाठराखण करणाऱ्याचा दिवस मात्र फाट्यावरच्या बाकावर जातो. एस.टी. कधी येईल याची चौकशी, पिशव्या खाली-वर करणे, रॉकेल मिळते का हे पाहणे, ज्या गावी कोणाची ओळख नाही तेथे जाऊन "आज रात्री ओसरीवर टेकू का?" असे विचारणे. त्याच्या वाट्याला शिखर येत नाही, आणि घरी परतल्यावर त्याला कोणी "काय काय पाहिलेत?" असे विचारीतही नाही. हे थोडे अन्यायाचेच आहे.

वास्तविक या डोंगरांना अशा माणसाची ओळख फार जुनी आहे. कोरीगडाच्या पायथ्याचे गाव पेठ शहापूर; तिकोन्याच्या पायथ्याचे तिकोना पेठ. पेठ म्हणजे बाजाराची वस्ती. वर तटावर पहारा करणाऱ्या शिबंदीला धान्य, मीठ, तेल लागे, आणि ते खालूनच चढवावे लागे. पुरंदरच्या तहात 1665 साली शिवाजी महाराजांना 23 किल्ले मोगलांना द्यावे लागले, त्यांत लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना हे चारही होते. पुढे ते परत स्वराज्यात आले. गड घेणाऱ्यांची नावे आपण वाचतो. त्यांच्यासाठी खालून धान्याची गोणी चढवणाऱ्याचे नाव बखरीत सापडत नाही. असो.

तुंगाच्या पायथ्याशी, दुसऱ्या मुक्कामी, मुलीच्या एका बुटाचा तळवा सुटला. पुढे चार गड उरले होते. वडिलांनी बूट पिशवीत टाकला आणि म्हणाले, "उद्या चपला घालून चल. वाट जलाशयाच्या काठाने आहे, फार चढाची नाही. मी चार वाजता तिकोना पेठेत असेन."

ती चालत तिकोना पेठेत पोहोचली तेव्हा साडेतीन झाले होते. चार वाजले. पाच वाजले. वडील आले नाहीत. भाकरी दुपारीच संपली होती, कपडे घामाने ओले होते आणि कोरडे कपडे त्यांच्या पिशवीत होते. आधी तिला राग आला. बसून राहणे एवढे एकच ज्यांचे काम, त्यांना तेही वेळेवर जमू नये! मग साडेपाच वाजले आणि रागाची जागा दुसऱ्याच कशाने तरी घेतली. पिशव्या जड होत्या. गुडघा वाकत नव्हता. उतरताना तोल गेला असेल काय? रस्त्याच्या वळणावर धूळ दिसली की ती उभी राही, आणि ते कोणाचे तरी दुसरेच वाहन असे. आपण रोज डोंगरावर रमतगमत येत होतो तेव्हा खाली बसलेल्या माणसाने काय काय मनात आणले असेल, हे तिला त्या कट्ट्यावर प्रथम कळले.

सहाला वडील आले. लोणावळ्यास चांभाराच्या दुकानी रांग होती. त्याने तळवा नुसता चिकटवून देतो म्हटले, पण त्यांनी दोरा घालून शिवून घेतला. त्यात कामशेतची गाडी चुकली, तेथून पुढची एस.टी.ही चुकली. "उशीर झाला," एवढेच ते म्हणाले आणि बूट पुढे केला. तिने टाके पाहिले. ती काही बोलली नाही. दोन्ही पिशव्या उचलून देवळाकडे चालू लागली.

दुसऱ्या दिवशी दुधिवरे खिंडीतून ती लोहगडवाडीस पोहोचली. रात्री एका घरी गरम भात मिळाला. इंद्रायणी तांदळाचा वास चुलीपासून अंगणापर्यंत आला होता. वडिलांतला शिक्षक जागा झाला. हा तांदूळ वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात तयार झाला, 1987 साली शेतकऱ्यांच्या हाती आला, हे त्यांनी घरातल्या मुलांना सांगितले. मुले गोष्ट मागू लागली, तेव्हा त्यांनी एव्हरेस्टची सांगितली.

"29 मे 1953 रोजी तेनसिंग आणि हिलरी माथ्यावर पोहोचले, हे तुम्ही वाचले आहे. त्या मोहिमेचे सामान वाहण्यास साडेतीनशेहून अधिक हमाल होते. ते दोघे थकूनभागून खाली उतरत होते तेव्हा तळावरून एक माणूस त्यांना सामोरा आला. त्याचे नाव जॉर्ज लो. त्याच्या हातात काय होते सांगा पाहू?"

"झेंडा!" एक मुलगा म्हणाला.

"गरम सूप," वडील म्हणाले.

मुले खो खो हसली. मुलगी मात्र हसली नाही. तिने वडिलांच्या ताटात आणखी भात वाढला.

पाचव्या दिवशी सकाळी लोहगड झाला. चार दरवाजांच्या नागमोडी वाटेने ती वर गेली, विंचूकाट्याच्या टोकापर्यंत जाऊन आली. 2025 साली जागतिक वारशाच्या यादीत ज्या मराठा किल्ल्यांचा समावेश झाला त्यांत हा एक आहे, म्हणून गडावर माणसांची वर्दळ होती. गायमुख खिंड ओलांडून ती विसापुरावर चढली, तेथे मात्र कोणी नव्हते. वहीत लिहिले होते: "विसापूर उतरून भाज्यास, चार वाजता." वडील भाज्याच्या लेण्यांच्या पायऱ्यांपाशी, एका चहाच्या टपरीवर येऊन बसले. दोन हजार वर्षांहून जुनी ती लेणी पाहावयास चार पायऱ्या चढाव्यात असे त्यांना वाटले. पण तेवढ्यात ती आली तर? ते बसूनच राहिले.

तीन वाजता डोंगरावर धुके उतरले. आधी तट गेला, मग कडा गेला, मग समोरची झाडेही पुसट झाली. चार वाजले, पाच वाजले, सहा वाजून गेले. मोबाइल लागत नव्हता. वडिलांनी बुटांच्या नाड्या घट्ट बांधल्या आणि काठी उचलली.

टपरीवाली म्हातारी इतका वेळ पाहत होती. ती म्हणाली, "कुठं निघालात, गुरुजी?"

"वर. तिला शोधायला."

"अन् विसापुरावनं उतरायला वाट काय एकच हाय व्हय? तुम्ही हिकडनं वर जायचं, पोर पाटणच्या अंगानं खाली यायची. मग तिनं अंधारात कुणाला हुडकायचं? बसा. माझा नातू अन् त्याचा सोबती सात वाजता बॅटऱ्या घेऊन वर जातील. त्यांचे पाय धड हायेत."

वडील उभेच राहिले. मुलीचा बाप खाली बसून आहे आणि मुलगी धुक्यात एकटी आहे, हे सोसणे त्यांना चढावापेक्षा अवघड होते. पण म्हातारीचे म्हणणे खरे होते, आणि नियम तर त्यांनीच घातलेला होता. ते बसले.

सातला थोडा अवकाश असताना दोन्ही मुले बॅटऱ्या घेऊन निघाली, आणि त्याच वेळी रस्त्याच्या अंधारातून शिट्टी ऐकू आली. वर नव्हे, बाजूने, पाटणकडून. धुक्यात भाज्याची घळ तिला सापडली नव्हती. अर्धा तास ती एका जागी बसून राहिली, मग तटाला डावा हात लावून कडेकडेने चालत राहिली आणि जी वाट मिळाली तिने उतरली. गुडघ्यापर्यंत चिखल, कोपर खरचटलेले.

"तुम्ही इथून हलला नाहीत ना, बाबा?" तिने पहिलाच प्रश्न विचारला.

"छे," ते म्हणाले.

म्हातारीने त्यांच्या हातातल्या काठीकडे पाहिले आणि गालांत हसत चहाचे आधण चढवले.

मळवलीस लोकलगाडीत बसून दोघे लोणावळ्यास आली आणि एक दिवस विसावली. राजमाची तेवढी उरली होती. ही वाट लांब आहे, परंतु लोणावळ्याकडून येताना बरीचशी सपाट आहे. सकाळी वही पुढे ओढून मुलीने स्वतःच लिहिले. वडिलांनी वाचले, चश्मा पुसला आणि पुन्हा वाचले. तिने आपली ओळ त्यांच्या जागी आणि त्यांची आपल्या जागी लिहिली होती. जड पिशव्या पाठीवर घेऊन ती पुढे निघाली. वडील एका जीपने मागाहून आले. पावसाने खचलेल्या रस्त्यापाशी जीप थांबली. तेथून उधेवाडी दोन-तीन किलोमीटर. त्यांनी काठी घेतली आणि चालावयास सुरुवात केली.

उधेवाडीच्या अलीकडे, जेथून श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन्ही बालेकिल्ले दिसतात, तेथे मुलीने स्टोव्ह मांडला होता. दिवस मावळला. वडील दिसेनात. तिने दोनदा उठून चार पावले टाकली आणि दोनदा परत येऊन बसली. मग वाटेच्या वळणावर विजेरीचा उजेड दिसला; थांबे, पुन्हा हाले, पुन्हा थांबे. धावत जाऊन त्यांचा हात धरावा असे तिला फार वाटले. तिने पातेल्यात आल्याचा तुकडा ठेचून टाकला आणि स्टोव्ह मोठा केला.